फाटक लावून जाणारं कुणीतरी

भिंगरी हे काही तिचं खरं नाव नव्हे. लहानपणी एका जागी म्हणून बसायची नाही, त्यावरून आईनं ठेवलेलं. आता चाळिशी उलटल्यावर ती सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकाच खुर्चीत बसून असे, तरी नाव काही सुटलं नव्हतं.

ती बसायची ती खोली एका लाँड्रीच्या माडीवर होती. खालून दिवसभर इस्त्रीची वाफ वर यायची, ओल्या कापडाचा वास यायचा आणि खिडकीच्या काचा कायम घाम आल्यासारख्या दिसायच्या. त्या दमट खोलीत भिंगरी आणि तिचा थोरला भाऊ यांनी मिळून एक जग उभं केलं होतं. जग म्हणजे खेळ. ब्राउझरमध्ये उघडायचा. काही उतरवून घ्यायला नको, नाव-गाव सांगायला नको. लिंकवर बोट टेकवलं, की तुम्ही एका टेकडीच्या पायथ्याशी उभे. हातात तलवार नाही, कोपऱ्यात गुणांचा आकडा नाही. नुसतं चालत सुटायचं. जग सगळ्यांचं मिळून एकच होतं. कुणी दगड हलवला तर तो पुढच्या माणसाला हललेलाच दिसायचा.

"लोक आपल्याला अर्धा कप चहाइतका वेळ देतात," दादा म्हणायचा. "जेवणाच्या सुट्टीत टॅब उघडतील, साहेब आला की बंद करतील. तेवढ्यात त्यांना वाटलं पाहिजे, की या टेकडीपलीकडे काहीतरी आहे, आणि मी बघितलं नाही तर ते तसंच राहून जाईल."

हे वाटायला लावणं फार अवघड. दादाला ते कसं जमायचं, कोण जाणे. तो टेकडीमागे धुराची एक बारीक रेघ काढायचा आणि चूल कुठे आहे ते दाखवायचाच नाही. वाट सरळ नेता येत असली तरी झाडाआड वळवायचा. आणि गवत! ते त्याचं सगळ्यात लाडकं काम. जिथे माणसांची पावलं पडतील तिथलं गवत आडवं व्हायचं, फार लोक गेले की पायवाट पडायची, आणि कुणी फिरकलं नाही तर चार दिवसांत पुन्हा उभं राहायचं. कोण आलं, कुठून आलं, याची नोंद ठेवायची नाही हाही त्याचाच हट्ट. "गवताला माहीत असलं म्हणजे पुरे. आपण कशाला चौकशा करायच्या?"

हा नाद त्याला लहानपणापासूनचा. सुट्टीच्या दिवशी दुपारी तो भिंगरीच्या कानाशी येऊन म्हणायचा, "चल, हरवायला जाऊ." मग दोघं निघायची. माहीत असलेला रस्ता आला की सोडायचा आणि कुणालाही काही विचारायचं नाही, एवढीच अट. तो पुढे गेला तर वळणावर खड्यांची एक ओळ मांडून ठेवायचा: मी इकडे गेलोय, ये. तिनं ती पाहिली की एक खडा आडवा करायचा. आतून आईचा आवाज यायचा, "अरे, फाटक लावून जा!" दादा ते कधी लावायचा नाही. मग शेजारचं कुत्रं अंगणात शिरायचं, दुधाच्या पातेल्यात तोंड घालायचं, आणि संध्याकाळी दादाची पाठ आणि आईचा हात यांची गाठ पडायची. दुसऱ्या दिवशी फाटक पुन्हा सताड उघडं.

तर अशी ती दोघं. आणि भांडण झालं ते पाट्यांवरून.

लोक खेळात यायचे, थोडं चालायचे, कुठे जायचं ते कळेना म्हणून निघून जायचे. भिंगरीला ते बघवेना. तिनं सुचवलं, बाण दाखवणाऱ्या पाट्या लावू या. इकडे तळं, तिकडे पडका मनोरा. दादानं कपाळाला हात लावला.

"म्हणजे मग ते फिरायला आले असं राहणार नाही. वरात काढल्यासारखं होईल नुसतं."

"आणि कुणी आलंच नाही तर? तुझ्या धुराच्या रेघेवर पोट भरणार आहे का?"

"तुला हरवायला कधी आवडलंच नाही, भिंगरे. तू माझा शर्ट धरून यायचीस."

हे तिच्या फार वर्मी लागलं, कारण ते खरं होतं. तीही मग नको ते बोलली. तुझ्याबरोबर काम म्हणजे जन्मभर कुणाच्या तरी शर्टाला धरून राहणं, असं काहीसं. पुढचे काही महिने तो कोपऱ्यातल्या टेबलावर पाठ करून बसला आणि जगाच्या पार टोकाला एक दरी करत राहिला. तिनं विचारलं नाही, त्यानं दाखवली नाही. मग एक दिवस दूरच्या शहरातल्या एका मोठ्या कंपनीत नोकरी धरून तो निघून गेला. जाताना टेबल पुसून गेला. तेच तिला फार लागलं. पसारा टाकून गेला असता तर परत येणार आहे असं तरी वाटलं असतं.

आईला त्याचा फोन यायचा, आठवड्याला एकदा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, बरं ठेवतो. भिंगरीशी मात्र अक्षर नाही. तिनं कितीदा तरी लिहायला घ्यायचं, "दादा," एवढं लिहून स्वल्पविराम द्यायचा आणि पुसून टाकायचं.

पाट्या लागल्या. लोक वाढले, हे कबूल करायला हवं. पण एकदा तिनं वरून सगळं जग पाहिलं तेव्हा तिला कसंसंच झालं. पाटीपासून पाटीपर्यंत एकच मळलेली वाट, मुंग्यांच्या रांगेसारखी. बाकी चहूकडे गवत हिरवंगार, ताठ उभं. तिथे कुणी पाऊलच टाकलं नव्हतं. टोकाच्या दरीपर्यंत तिनं नजर नेलीच नाही.

खेळाचं वजन राखायला एक गृहस्थ यायचे. जग जड झालं की साध्या फोनवर लवकर उघडत नाही, आणि उघडायला वेळ लागला की माणूस निघून जातो. म्हणून काय ठेवायचं आणि काय कापायचं हे बघणं त्यांचं काम. स्वतः काडीसारखे, वाऱ्यानं उडतील असे, म्हणून सगळे त्यांना पैलवान म्हणायचे. त्यांनाही ते आवडायचं.

"ताई," पैलवान एका सकाळी म्हणाले, "टोकाची ती दरी काढून टाकू या का? सगळ्यात जड तीच आहे. आणि तिथे चिटपाखरू जात नाही."

"दादाची दरी?"

"आता ज्याची असेल त्याची. पाट्या तर तिच्या अलीकडेच संपतात."

ती एवढंच म्हणाली, "एकदा बघून घेते. मग काढा."

खरं सांगायचं तर ती त्या दरीत कधी गेलीच नव्हती. हे विचित्रच होतं. घरच्या माणसानं घरातली एक खोली न उघडता राहावं तसं. पैलवान खाली चहाला गेल्यावर ती निघाली. शेवटची पाटी मागे पडली. पुढे गवत, एक ओढा, ओढ्याला लागून कुंपण. आणि कुंपणाशी ती थबकली.

गवत आडवं होतं.

रुंद वाट नव्हती, एकट्या माणसाची होती. पण रोजची. ओढ्याच्या कडेकडेनं, कुंपणाला वळसा घालून ती एका लाकडी फाटकाकडे गेली होती. फाटक बंद होतं. भिंगरीनं ते उघडलं. पुढे आणखी एक वाट, आणखी एक फाटक. तेही बंद. तिसरंही.

हे कुणाला सांगून पटणार नाही, पण खेळात कुणी दार लावत नाही. उघडायचं आणि पुढे सुटायचं. मागे वळून बघायला कुणाला सवड असते? बहुतेक खेळांत लावायची सोयही नसते. दादानं मात्र ती केली होती. भांडणाच्या आधी ते एवढंसं कसब बसवायला त्यानं दिवसच्या दिवस घालवले होते, आणि भिंगरी त्याला हसली होती. म्हणजे फाटक लावता येतं हे ज्याला ठाऊक, असा तिच्याशिवाय माणूस जगात एकच.

तो येतो. रोज येतो. त्या दूरच्या कचेरीत बसून, साहेबांची नजर चुकवून, तो आपल्या दरीत चालून जातो.

पैलवान चहा घेऊन वर आले तेव्हा ती डोळे पुसत होती.

"वाफेनं," ती म्हणाली.

"हो, आज वाफ फार आहे," पैलवान म्हणाले. माणूस समजूतदार होता.

"दरी थोडे दिवस राहू द्या. तिथे एकजण येतो."

"एकजण? एका माणसासाठी एवढं ओझं? खेळाडू आहे की भूत?"

"राहू द्या म्हटलं ना."

पुढचे दिवस तिचा सगळा जीव त्या गवतात अडकला. रोज सकाळी ती आधी त्या फाटकांपर्यंत जायची, पुढे नाही. काल दुपारचं गवत अजून नीट उठलेलं नसायचं. तिला नवल एका गोष्टीचं वाटायचं. दादानं उड्या मारायची सोय ठेवली होती; तो स्वतः कुंपणावरून टणाटण उड्या मारत जायचा. हा चालणारा मात्र प्रत्येक कुंपणाला वळसा घालायचा. ओढाही उथळ जागा शोधून ओलांडायचा. दादा थकला असेल, तिनं मनाशी म्हटलं. नोकरीनं माणूस थकतो. माणसाला जे हवं असतं ते त्याला कुठेही दिसतं, आणि तिला फार हवं होतं.

मग तिनं धीर केला. पहिल्या फाटकाच्या उंबऱ्याच्या दगडावर तिनं खडे मांडले. सरळ एका ओळीत. मी इकडे आहे, ये. त्यानं एक खडा आडवा केला, की झालं. बोलायचीही गरज नाही. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही, आणि आईनं विचारलं तेव्हा तिनं पोटाचं निमित्त सांगितलं.

दुसऱ्या दिवशी जाऊन बघते तो उंबरा स्वच्छ. खडे सगळे उचलून कुंपणाच्या कडेला, कुणाच्या पायात येऊ नयेत असे, नीट ढीग करून ठेवलेले. आणि फाटक बंद.

ती कितीतरी वेळ त्या ढिगाकडे बघत राहिली. त्यानं लाथेनं उडवले असते तर बरं झालं असतं. त्यात राग तरी असता. हे म्हणजे कुणी आपलं पत्र न वाचता घडी घालून परत द्यावं तसं. मध्ये येऊ नकोस, एवढाच त्याचा अर्थ तिला लागला.

"पैलवान, काढून टाका दरी."

"आणि तुमचा तो एकजण?"

"त्याला कुणी नको आहे."

पैलवानांनी तिच्याकडे पाहिलं आणि वाद घातला नाही. "उद्या काढतो," म्हणाले. "तुम्ही आज घरी जा. तोंड बघा आरशात."

ती भर दुपारी घरी आली. एरवी या वेळी ती कधी घरी नसे. चपला काढताना तिला आतल्या खोलीतून बारीक टकटक ऐकू आली. भिंगरीनं आपला जुना संगणक टाकून न देता आईच्या खोलीत ठेवला होता, त्यावर आई भजनं ऐकते असा तिचा समज होता. तिनं डोकावून पाहिलं. आई खुर्चीच्या अगदी कडेला बसली होती. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, एक बोट कीबोर्डवर दाबून धरलेलं, जसं कुणी घंटी दाबून दार उघडायची वाट बघतं. पडद्यावर ओढा होता. ओढ्याकाठचं कुंपण होतं.

"आई!"

"थांब गं, बोलू नकोस. फाटक लावतेय." आईनं जीभ दाताखाली धरून दुसरं बटण दाबलं. फाटक लागलं. मग तिनं मान वळवली. "तू कशी आलीस एवढ्यात? पोट दुखतंय का अजून?"

भिंगरी तिथेच दारात खाली बसली. हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

"आई, तू काय करतेयस?"

"काय करतेय? फिरतेय. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, गुडघे ऐकत नाहीत. इथे गुडघे लागत नाहीत."

"आणि ते खडे? उंबऱ्यावरचे?"

"बघ ना! कुण्या मेल्यानं ऐन उंबऱ्यावर खडे टाकलेले. कुणी अडखळून पडलं म्हणजे? उचलून ठेवले बाजूला. तासभर गेला माझा, ते उचलायचं बटण सापडेना."

"मी टाकले होते."

"तू? एवढी घोडी झालीस तरी?" आईनं चष्मा वर सारला. मग मुलीचं तोंड पाहून ती जराशी नरमली. "ये इकडे. रडतेस काय?"

भिंगरी तिच्या शेजारी स्टूल ओढून बसली. "कधीपासून येतेस इथे?"

"तो गेल्यापासून. तुम्ही दोघं ज्याच्यावरून भांडलात ते आहे तरी काय, म्हणून उघडलं. आधी तुझ्या पाट्या वाचत गेले. मग कंटाळा आला. सारखं आपलं इकडे जा, तिकडे जा. मला घरात काय कमी सांगतात? मग म्हटलं, पाटी नाही तिकडे जाऊन बघू."

"मला का नाही सांगितलंस?"

"त्याचं नाव काढलं की तुझं तोंड एवढंसं होतं. आणि फोनवर तो काय बोलतो? जेवलीस का, गोळी घेतलीस का. त्याला काय काय आठवतं ते तो सांगत नाही. इथे सगळं मांडून ठेवलंय. हे बघ."

आईनं बोट दाबलं. दोघी दरीत निघाल्या. आईला वाट पाठ होती. एका वळणावर गवतात मोडकी सायकल पडलेली होती, पुढच्या चाकाची तार वाकलेली. "तुझी," आई म्हणाली. एका भिंतीला पाण्याचा पाइप होता, मध्येच दोरीनं बांधलेला. "तुझ्या वडिलांनी बांधला होता, आठवतं? म्हणाले, उद्या नीट करतो. तो उद्या काही आला नाही." एका खिडकीत आजीचं शिवणयंत्र, त्यावर अर्धवट शिवलेली बाही. आई प्रत्येकाशी क्षणभर थांबे, आणि मग पुढे जाई. आपण हा खेळ केला, आणि यातलं काहीच आपण पाहिलेलं नाही, हे भिंगरीला कुणी तोंडात मारावी तसं लागलं. ती नकळत आईच्या पदराचं टोक धरून बसली होती.

"हे आपलं घर नाही, मला कळतं ते," आई म्हणाली. "तो आत बसलाय असं समजण्याइतकी मी वेडी नाही. पण सगळ्यांचं काही ना काही आहे बघ इथे. तुझं आहे, यांचं आहे, त्या मेल्या कुत्र्याचंसुद्धा आहे, ओढ्यापलीकडे झोपलेलं असतं. माझंच अजून सापडलं नाही. असेल कुठेतरी. दरी मोठी आहे."

तिनं हे अगदी सहज म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे म्हणावं तसं. आणि बोट दाबून पुढे निघाली. पुढे फाटक आलं. तिनं उघडलं, पार केलं, वळली, लावलं.

"आई," भिंगरी म्हणाली, "तुला माहीत आहे, दुसऱ्या खेळांत दार लावता येत नाही?"

"मी कुठे दुसरा खेळ खेळलेय?"

"कुणी करत नाही ती सोय. कारण कुणी लावतच नाही. मी त्याला म्हटलं होतं, कशाला एवढा खटाटोप, कोण लावणार आहे? तर म्हणाला, असतं एखादं माणूस."

आईचं बोट बटणावरून उचललं गेलं. पडद्यावर गवत हलत राहिलं. मग तिनं पदरानं चष्मा पुसला, जो मुळी मळलेला नव्हता.

"हो का," ती म्हणाली.

भिंगरीनं उठून पैलवानांना फोन लावला. दरी काढू नका. वजन कमी करायचं तर माझ्या पाट्या काढा.

"ताई, लोक हरवतील!"

"हरवू द्या."

"सगळ्या काढू?"

"तळ्याकडची एक ठेवा. नाहीतर पहिल्याच दिवशी शिव्या खाऊ."

मग तिनं भावाला लिहिलं. या वेळी स्वल्पविरामाच्या पुढे जाता आलं. दादा, आई रोज तुझ्या दरीत फिरते. सगळी फाटकं लावते. एवढंच. माफी मागायची होती, ती राहूनच गेली. पाठवून झाल्यावर आठवलं.

उत्तर आलं नाही. आठवड्याचा फोन आला, आईला. जेवलीस का, गोळी घेतलीस का. आईनंही काही विचारलं नाही. खेळात लोक थोडे कमी झाले, जे राहिले ते जास्त वेळ राहू लागले, असं पैलवानांचं म्हणणं. भिंगरीला त्यावर विश्वास ठेवायला आवडलं असतं. पण वरून पाहिलं की ती मुंग्यांची रांग आता फुटलेली दिसायची, आणि गवतात भलभलत्या ठिकाणी एखादी वाट उमटून मिटायची.

ती आता दुपारी घरी येऊ लागली होती. आई चालवायची, ती शेजारी स्टुलावर. एके दिवशी ती स्वयंपाकघरात चहा टाकत होती, तोच आतून आईचा आवाज आला, अगदी पूर्वी यायचा तसा.

"अगं! फाटक कुणी उघडं टाकलं?"

भिंगरी गाळणं हातात घेऊन धावली. ओढ्याकाठचं पहिलं फाटक सताड उघडं होतं. त्याच्यापुढचंही. कुंपणाला कुणी वळसा घातला नव्हता. कुंपणाच्या अलीकडे गवत जोरात दबलेलं होतं, आणि पलीकडे, बऱ्याच पुढे, पुन्हा दबलेलं. उडी मारल्यासारखं. बाजूला ठेवलेला खड्यांचा ढीग मात्र तसाच होता, त्याला कुणी हात लावला नव्हता.

"आता पाट्या नाहीत, आई," ती सांभाळून म्हणाली. "कुणीही भरकटत येऊ शकतं इथे. कुणीही असेल."

"मी कुठे काय म्हटलं?" आई म्हणाली.

तिनं फाटक ओलांडलं. सवयीनं वळली. बोट त्या बटणावर गेलं आणि तिथेच राहिलं. स्वयंपाकघरात चहा उतू जात होता, त्याचा वास येत होता, आणि दोघींपैकी कुणीही उठलं नाही.

"लाव ना," भिंगरी म्हणाली.

"नको," आई म्हणाली. "कुणी आत असलं तर."

आणि तिनं तोंड फिरवून, नव्या दबलेल्या गवताच्या मागे मागे, हळूहळू बोट दाबलं.